एका वेलांटीची गोष्ट

मुलांना शाळेतून प्रकल्प मिळाला, की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "जा, विकिपीडियावर बघ!" पूर्वी याच कामासाठी वाचनालयात जाऊन विश्वकोशाचे जाडजूड खंड काढावे लागायचे. आता बोट फिरवलं की झालं. माहिती मिळाली की मुलं खूश आणि आपणही खूश. पण संगणकावर ते पान उघडल्यावर वरच्या कोपऱ्यात एक चिन्ह दिसतं, त्याच्याकडे कधी निरखून पाहिलंय का हो तुम्ही?

एक करडा-पांढरा गोळा आहे. लहान मुलांच्या जुळवायच्या कोड्यासारखे तुकडे जोडून केलेला. वरचे काही तुकडे अजून बसायचे आहेत, कारण ज्ञान कधी पुरं होत नाही. प्रत्येक तुकड्यावर जगातल्या एकेका लिपीतलं अक्षर आहे. रोमनमधला डब्ल्यू आहे, ग्रीकांचा ओमेगा आहे, कन्नड आहे, चिनी आहे. आणि त्यातच आपल्या बाराखडीतलं एक अक्षर आहे, 'वि'. विकिपीडियातला वि. पहिली वेलांटी दिलेला आपला व.

मैत्रिणींनो, आज हे अक्षर अगदी नीट दिसतं. पण २००३ च्या अखेरीपासून २०१० पर्यंत, म्हणजे जवळपास साडेसहा वर्षं, ते चुकलेलं होतं! सगळं जग ज्या चिन्हाकडे रोज बघत होतं, त्यात आपली वेलांटी भलत्याच बाजूला जाऊन उभी होती. ती जागेवर कशी आली, ही गोष्ट मला फार आवडते. ऐकायला ती संगणकवाल्यांची वाटते, पण आपल्या बचत गटांना आणि महिला मंडळांनाही तिच्यातून घेण्यासारखं पुष्कळ आहे.

सगळ्यांचं ते कुणाचं?

आधी थोडी ओळख. विकिपीडिया सुरू झाला जानेवारी २००१ मध्ये. मराठी विकिपीडियाचा जन्म १ मे २००३ चा, नेमका महाराष्ट्र दिनाचा. आज तीनशेहून अधिक भाषांत तो आहे. हा सगळा पसारा ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्याचं नाव 'मीडियाविकी'. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे.

मुक्त म्हणजे काय, ते आपल्याला मसाल्यावरून चटकन कळेल. दुकानातून मसाल्याचं पाकीट आणलं तर त्यात काय किती घातलंय ते कंपनीलाच ठाऊक. पण आपला खान्देशी काळा मसाला? सासूनं सुनेला सांगितला, सुनेनं शेजारणीला. एकीनं दगडफूल वाढवलं, दुसरीनं खोबरं जास्त भाजलं. कुणी कुणाला अडवलं नाही. मुक्त सॉफ्टवेअरचं असंच असतं. त्याची कृती उघडी असते. ज्याला समजतं त्यानं ती वाचावी, सुधारावी आणि सुधारलेली पुन्हा सगळ्यांना द्यावी.

आता अशा सामाईक वस्तूचं चिन्ह ठरवायचं कुणी? कंपनी असती तर मालकानं एखाद्या चित्रकाराला पैसे देऊन काम उरकलं असतं. इथे मालकच नाही! मग २००३ मध्ये त्यांनी जाहीर स्पर्धा ठेवली. ज्याला वाटेल त्यानं चित्र पाठवावं आणि मतदान करावं. पहिला आला तो हा कोड्याचा गोळा. मूळ कल्पना पॉल स्टान्सिफर या सतरा वर्षांच्या मुलाची. तिला पुढे डेव्हिड फ्रीडलंड यांनी आजच्यासारखं रूप दिलं आणि तुकड्यांवर निरनिराळ्या लिपींतली अक्षरं आली.

आपला वि मोडला तो इथेच.

वेलांटी कशी हरवली?

जरा मनातल्या मनात 'वि' लिहून बघा. हात आधी काय काढतो? पहिली वेलांटी. मग व. पण तोंडानं उच्चारताना आधी 'व्' येतो आणि मागून 'इ'. लिहिण्याचा क्रम एक आणि बोलण्याचा दुसरा. आपल्याला पहिलीपासून सवय आहे म्हणून त्यातली गंमत जाणवत नाही.

संगणकाला मात्र हे शिकवावं लागतं. युनिकोड नावाची जी जागतिक पद्धत आहे, तिच्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवतात. आधी व, मग वेलांटी. पडद्यावर दाखवताना संगणकानं ती वेलांटी उचलून व च्या डावीकडे नेऊन ठेवायची असते. ज्या यंत्राला ही युक्ती येत नाही, ते वेलांटी जिथल्या तिथे उजवीकडे ठेवून देतं. म्हणजे व एकटाच उभा, आणि त्याच्या मागे कुणाचाच हात न धरलेली वेलांटी! विकिपीडियाच्या गोळ्यावर नेमका असाच घोटाळा झाला. जपानी अक्षरातही अशीच गडबड होती.

ज्यांनी गोळा काढला त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना देवनागरी येत नव्हती. तुम्हाआम्हाला कुणी चिनी अक्षर दाखवलं आणि त्यातली एक रेघ इकडची तिकडे झाली, तर कळेल का आपल्याला? त्या अक्षराशी ज्याचा जन्माचा संबंध आहे, त्यालाच ते खुपतं. कुंकू जरा फिसकटलं तर आधी घरच्यांनाच दिसतं, तसं.

देवनागरी वाचणाऱ्यांना ते खुपलंच. त्यांनी चूक दाखवून दिली. जून २००७ मध्ये अमेरिकेतल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'नंही त्यावर बातमी दिली. ज्या विश्वकोशात कुणीही चूक दुरुस्त करू शकतं, त्याच्या स्वतःच्या चिन्हातली चूक मात्र तशीच, ही मोठी मौज होती. लेखातलं वाक्य मिनिटात सुधारता येतं. पण चिन्ह कितीतरी भाषांच्या पानांवर, प्रत्येकाच्या नावासह, हजार ठिकाणी चिकटलेलं. ते बदलायचं तर सगळ्यांचंच बदलायचं.

शेवटी मे २०१० मध्ये नवा गोळा आला. फिलिप मेट्शन यांनी तो सगळा संगणकावर त्रिमितीत नव्यानं बांधला. आपली वेलांटी डावीकडे, स्वतःच्या घरी आली. जपानी अक्षर सुधारलं. आणखी एक गोष्ट झाली. जुन्या गोळ्यावर एका तुकड्यावर 'क्लिंगन' लिपीतलं अक्षर होतं. ही लिपी कुठल्या देशातली माहितीये? कुठल्याच नाही! 'स्टार ट्रेक' या मालिकेतल्या परग्रहवासीयांची ती काल्पनिक लिपी. तिला निरोप देऊन तिथे इथिओपियाच्या गीझ लिपीतलं अक्षर बसवलं. हाडामांसाची माणसं जी लिपी लिहितात वाचतात, तिला जागा मिळाली. खालच्या नावासाठी आधी 'होफ्लर टेक्स्ट' हे अक्षरवळण होतं, ते बदलून 'लिनक्स लिबर्टीन' हे मुक्त अक्षरवळण घेतलं. मुक्त घराला मुक्त दार!

योगायोग बघा. त्याच वर्षी, जुलै २०१० मध्ये, आपल्या सरकारनं रुपयाचं नवं चिन्ह मंजूर केलं. तेही आपल्या देवनागरी 'र' वरूनच घडवलेलं आहे. ते काढणारे उदयकुमार तेव्हा मुंबईच्या आयआयटीत संशोधन करत होते. एकाच वर्षात एकीकडे 'वि' ची वेलांटी सुधारली आणि दुसरीकडे 'र' नोटेवर जायला निघाला.

फोटोतलं सूर्यफूल

बाईमाणसाच्या हातची एक गोष्टही यात आहे, ती सांगायलाच हवी. २००३ च्या त्या स्पर्धेत तिसरं आलं होतं एक सूर्यफूल. फुलाचा फोटो काढला होता फ्लोरेन्स देवुआर यांनी. या फ्रान्सच्या. शिक्षणानं शेतीतज्ज्ञ. त्यांच्या फोटोला दोन्ही बाजूंनी चौकोनी कंस जोडून एरिक मोलर यांनी चिन्ह तयार केलं. विकिपीडियात एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जायचा दुवा लिहिताना असेच दुहेरी चौकोनी कंस वापरतात. तिसरं आलं म्हणून ते फूल वाया गेलं नाही. ज्या सॉफ्टवेअरवर सगळं चालतं त्या मीडियाविकीला ते चिन्ह मिळालं. आणि त्याच फ्लोरेन्सबाई पुढे २००६ ते २००८ या काळात विकिमीडिया प्रतिष्ठानच्या अध्यक्षा झाल्या.

हे सूर्यफूल सतरा वर्षांहून जास्त टिकलं. पण मुळात तो फोटो. मोठा केला की छान, लहान केला की पिवळा ठिपका. मोबाइलच्या इवल्या जागेत पाकळ्या कुठल्या नि कंस कुठले, काही कळेना. म्हणून २०२० मध्ये पुन्हा सगळ्यांकडून चित्रं मागवली. मतदानाच्या दोन फेऱ्या झाल्या. पहिलीत चित्र निवडलं आणि दुसरीत त्याच चित्राचे बारीकसारीक प्रकार समोर ठेवून अंतिम रूप ठरवलं. सर्हिओ मॅगपाय या नावानं काम करणाऱ्या चित्रकाराचं चित्र पसंत पडलं आणि २०२१ मध्ये ते लागू झालं.

आणि हे नवं चित्र कशाचं? सूर्यफुलाचंच! मोजक्या सपाट रंगांच्या पाकळ्या, कुठेही छापा, कितीही लहान करा, फूल फूलच दिसतं. रूप बदललं, पण ओळख तीच ठेवली. सुनेनं ओट्याची मांडणी बदलावी, पण देवघरातला समईचा कोनाडा तसाच ठेवावा, तशातलंच हे.

आमचे बिबडे

हे सगळं मला इतकं जवळचं का वाटतं, तर आमच्या नशिराबादेत अशाच एका चिन्हावरून आमची चांगली तीन आठवडे बैठक चालली होती. जळगाव-भुसावळ रस्त्यावरचं आमचं गाव. गटात आम्ही बारा जणी. उन्हाळा लागला की ज्वारीचे बिबडे करतो. ज्वारी भिजवायची, दळायची, तीळ-जिरं-लसूण घालून शिजवायची आणि ओल्या हातानं कापडावर थापून कडक उन्हात वाळवायची. पाकिटावर गटातल्याच एका वहिनींनी काढलेलं सुपाचं चित्र होतं. सुपात बिबडे, बस्स. वहिनी आता लेकीकडे सुरतला असतात, पण त्यांचं सूप गिऱ्हाइकाच्या ओळखीचं झालेलं. "ते सुपवाले द्या" असं म्हणून लोक मागतात.

एका व्यापाऱ्यानं सांगितलं, "ताई, हे जुनाट दिसतं. मी नवं करून देतो. पाकिटावर माझं चिन्ह राहील, माल तुमचा." नमुना आला. त्यावर नथ घातलेली, गोरीपान, हसरी बाई. सगळ्या जणी बघत राहिल्या. एकीनं विचारलं, "ही कोण? हिनं कधी बिबडा थापलाय का?" हसून हसून पुरेवाट झाली. पण आमच्या जिजींचं लक्ष त्या बाईकडे नव्हतंच. जिजी तिसरीपर्यंत शिकलेल्या. एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचतात. त्या म्हणाल्या, "बिबड्याचे बबिडे केले व माय!"

खरंच की! पहिल्या ब ची वेलांटी त्याच्या मागे जाऊन दुसऱ्या ब ला चिकटली होती. 'बबिडे'! बाकीच्या आम्ही घाईघाईनं 'बिबडे' असंच वाचून गेलो होतो. छपाईच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं नेताना झालेली ही गफलत, विकिपीडियाच्या 'वि' ची सख्खी बहीण. जिजींसारखं बोट ठेवून वाचणारं माणूस बैठकीत होतं म्हणून ती सापडली. शिक्षण किती यावर नजर ठरत नाही. आमच्या जळगाव तालुक्यातल्या असोद्याच्या बहिणाबाईंना तर लिहिता-वाचताही येत नव्हतं, हे इकडे कुणाला सांगायला नको.

पण वेलांटीपेक्षा मोठा प्रश्न पुढे होता. चिन्ह कुणाचं राहणार? दोघी-तिघींना वाटत होतं, व्यापाऱ्याचं ऐकावं, विक्री वाढेल, चित्रात काय एवढं? त्यांचंही चूक नव्हतं. एकीच्या घरी मुलाच्या फीची तारीख जवळ आलेली होती. मात्र दुसरीनं हिशेब मांडला, "उद्या त्यानं दुसऱ्या गावातून माल घेतला आणि त्याच चिन्हात भरला तर? गिऱ्हाईक चिन्ह ओळखतं, आपल्याला नाही." सगळ्या गप्प झाल्या. गिऱ्हाइकाचा विश्वास चार उन्हाळे तापून मिळवलेला असतो. चिन्ह दिलं म्हणजे तोच दिला.

मग आम्ही ठरवलं, बदलायचं पण आपण बदलायचं. प्रत्येकीनं कागदावर काढून आणायचं, ज्यांना चित्र येत नाही त्यांनी तोंडी सांगायचं. हात वर करून मत. शेवटी राहिलं सूपच. फक्त जुन्या चित्रातल्या सुपाच्या बारीक काड्या लहान पाकिटावर छापताना शाईनं भरून जायच्या, म्हणून चार-पाच ठसठशीत रेघांचं सूप केलं. वहिनींना सुरतला फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "करा ना, फक्त सुपाचं तोंड डावीकडे नका फिरवू." तेही पाळलं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात मूळ चित्र काढणारीचं नाव टाकलं. त्या व्यापाऱ्याला आजही माल देतो, पण आमच्या सुपाखाली.

आपल्याला काय करता येईल?

तुमच्याही गटाचं, मंडळाचं, पोळी-भाजी केंद्राचं चिन्ह करायचं असेल, तर काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

खर्चाला घाबरू नका. चिन्ह काढायला 'इंकस्केप' आणि 'गिंप' ही मुक्त साधनं फुकट मिळतात. लिनक्सचा जगप्रसिद्ध गोलमटोल पेंग्विन १९९६ मध्ये लॅरी ईविंग यांनी गिंपवरच काढला होता. कॉलेजात जाणारं एखादं पोर हाताशी असलं की काम होतं. अक्षरांसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरकारांच्या मंडळींनी 'मुक्ता', 'बालू' यांसारखे देखणे देवनागरी फाँट मुक्त परवान्यानं सगळ्यांसाठी खुले केले आहेत. ते युनिकोडचे आहेत. नव्या सॉफ्टवेअरमध्ये वापरले तर वेलांट्या जागेवर राहतात.

चित्र नखाएवढं करून बघा आणि एकदा नुसत्या काळ्या रंगात छापून बघा. तेव्हाही ओळखू आलं तर ते टिकेल. इंटरनेटवरून कुणाचं तरी छायाचित्र उचलू नका, ते दुसऱ्याच्या मालकीचं असतं. छापायला द्यायच्या आधी नमुना मोठ्यानं वाचून घ्या, तोही भरभर वाचणाऱ्या मुलीकडून नको, बोट ठेवून वाचणाऱ्या आजीकडून. आणि जुनं चित्र ज्यांनी काढलं त्यांना विचारल्याशिवाय ते पुसू नका.

शेवटचं मात्र विकिपीडियाबद्दल. २०११ मध्ये तिथे लिहिणाऱ्यांची पाहणी झाली, तेव्हा शंभरात जेमतेम नऊ बायका निघाल्या. म्हणजे जिथे आपली मुलं रोज बघायला जातात, तिथे लिहिणाऱ्यांत आपण फारशा नाहीच! मग बिबडे कसे करतात, वरणबट्टीची बट्टी कशी भाजतात, कानबाईचे रोट कसे मांडतात, हे तिथे कोण लिहिणार? कुणी लिहिलंच आणि वेलांटी चुकली, तर ती कुणाला खुपणार? लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. मराठी पान उघडा, चुकलेला एक शब्द दिसला तर तो नीट करा. सुरुवात एवढ्यावर होते. दुपारची झाकपाक झाल्यावर मिळणाऱ्या अर्ध्या तासात जमेल असंच काम आहे हे. गोळ्याच्या वरचे तुकडे अजून बसायचेत, त्यातला एखादा आपल्या हातून बसला तर काय हरकत आहे?